हशाची लस

हर्षद सासनेला उभ्या आयुष्यात कोणाचा हेवा वाटला नव्हता. शाळेत पहिल्या येणाऱ्या पोराचा नाही, की पुण्यात दोन मजली घर बांधणाऱ्या चुलतभावाचा नाही. तो विनोद लिहून पोट भरायचा, आणि विनोद लिहिणाऱ्याला मनातून वाटत असतं की बाकीचं जग देवानं आपल्याला कच्चा माल म्हणून दिलंय. कच्च्या मालाचा हेवा कोण करतो? पण त्या मंगळवारी दुपारी राष्ट्राध्यक्ष त्र्यंबकराव निंबेकर टीव्हीवर बोलायला उभे राहिले, आणि हर्षदला पहिल्यांदा कोणाचा तरी हेवा वाटला.

"उष्णतेच्या लाटेचं मूळ कारण म्हणजे मे महिन्याची दहशत," राष्ट्राध्यक्ष म्हणाले. "मे म्हटलं की लोक आधीच घाम पुसायला लागतात. म्हणून यंदापासून सरकारी कामकाजात मे महिन्याला 'दुसरा एप्रिल' असं म्हटलं जाईल."

तो काम करायचा त्या, कोल्हापुरातल्या रंकाळ्याजवळच्या स्टुडिओत चित्रकारांचे हात थांबले. कारण येत्या शनिवारी त्यांच्या 'साहेब झोपलेत' या व्यंगचित्र-मालिकेचा जो भाग लागणार होता, त्यात कार्टूनमधले गलेलठ्ठ साहेब उकाड्याला कंटाळून मे महिना रद्द करतात. गेले दहा आठवडे सगळे जण तेच रंगवत बसले होते.

"झालं," एक चित्रकार कुंचला ठेवत म्हणाला. "आता लोक म्हणणार आपणच त्यांची नक्कल केली."

हर्षदला नकलेचं काही वाटलं नाही. त्याला टोचत होतं ते वेगळंच. 'मे रद्द' हा विनोद कोणालाही सुचेल. 'दुसरा एप्रिल' म्हणायला प्रतिभा लागते. हा माणूस देश चालवतो, तीन-तीन तास भाषणं ठोकतो, आणि वर आपल्यापेक्षा चांगला लिहितो. कशाला, गरज काय होती त्याला?

इथे थोडं मागचं सांगायला हवं. घटना बदलून राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांवर निवडायला लागले, त्याला आता काही वर्षं झाली होती. निंबेकर हे त्या खुर्चीवर बसलेले पहिले मराठी गृहस्थ, त्यामुळे मराठी कार्टूनला अचानक देशभर भाव आला होता. आणि त्याच काळात खोट्या व्हिडिओंविरुद्धचा कायदा झाला होता. घटनात्मक पदावरच्या माणसाचं हलतं चित्र किंवा त्याचा आवाज यंत्राकडून बनवून घेतला तर सरळ तुरुंग. राष्ट्राध्यक्षांची टिंगल करायची तर ती हातानं काढायची आणि माणसाच्या गळ्यातून बोलायची, एवढीच मुभा होती. म्हणून कोल्हापूरच्या हातानं रंगवणाऱ्या पोरांना सोन्याचे दिवस आले होते. अडचण एकच. हातानं एक भाग काढायला दहा आठवडे लागायचे, आणि राष्ट्राध्यक्षांना नवा घोळ घालायला दहा मिनिटं.

हर्षदची बायको केतकी विद्यापीठात भाषा आणि संगणक या विषयाची प्राध्यापक होती. तिला हसू येणं म्हणजे दुष्काळात पाऊस येणं. हर्षद लिहिलेला प्रत्येक विनोद तिला स्वयंपाकघरात वाचून दाखवायचा. आवडला तर ती नाकातून "हं" करायची. बस्स, तेवढंच. तो "हं" म्हणजे त्यांच्या घरातलं सेन्सॉरचं सर्टिफिकेट होतं. लग्न झाल्यापासून "हं" न मिळालेला एकही विनोद हर्षदनं पडद्यावर जाऊ दिला नव्हता, आणि "हं" मिळालेला एकही फुकट घालवला नव्हता.

त्या मंगळवारी संध्याकाळी तो ओट्याला टेकून कुढत बसला, तेव्हा ती कणीक मळता मळता म्हणाली, "तुझी अडचण विनोदाची नाहीच मुळी. वेळेची आहे. तो आज जिथं आहे तिथं तू त्याला गाठायला जातोस, आणि पोचतोस दहा आठवड्यांनी. तोवर तो पुढं गेलेला असतो. त्यापेक्षा दहा आठवड्यांनी तो जिथं असेल, तिथंच जाऊन उभा राहा ना."

"म्हणजे आता ज्योतिष शिकू?"

"तुझी आई फोनवर पहिलं काय विचारते?"

"जेवलास का."

"आणि मग?"

"आवाज असा का येतोय."

"बघ. तुला कसं कळतं? पत्रिका मांडतोस? आयुष्यभर ऐकलंयस म्हणून कळतं. जो माणूस जास्त बोलतो, तो जास्त सापडतो. आणि आपले राष्ट्राध्यक्ष काही मौनीबाबा नाहीत."

तिनं यंत्र बांधायला घेतलं. निंबेकर नगरसेवक होते तेव्हापासूनचा त्यांचा प्रत्येक जाहीर शब्द तिनं त्याला वाचायला दिला. भाषणं, मुलाखती, कोपरा सभा, वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा. नुसतं बोलणं नव्हे, तर ते बोलले तेव्हा भाजीचा भाव काय होता, निवडणूक किती लांब होती, विरोधक काय म्हणत होते, तेही. पुढची युक्ती तिनं हवामानशास्त्राकडून घेतली होती. उद्या पाऊस पडेल का, हे सांगायला हवामानवाले एकदाच गणित मांडत नाहीत. आजची हवा किंचित बदलून तेच गणित पुन्हा पुन्हा मांडतात, आणि जास्तीत जास्त उत्तरं कुठं गोळा होतात ते बघतात. केतकीचं यंत्रही तसंच. ते दहा आठवड्यांनंतरचे हजारो निंबेकर तयार करायचं, प्रत्येकाला बोलू द्यायचं, आणि सगळे निंबेकर ज्या वाक्याभोवती घोटाळायचे ते वाक्य काढून द्यायचं. कायद्यात चित्राला आणि आवाजाला बंदी होती. शब्दांबद्दल कायदा लिहिणाऱ्यांना काही सुचलं नव्हतं.

स्टुडिओच्या मालकीण निकमबाई कोल्हापूरच्या जुन्या पेठेतल्या, त्यामुळे बाई असूनही "मी आलो, मी गेलो" असंच बोलायच्या. त्या यंत्राकडे बघून म्हणाल्या, "हा तर पिंगळा की गं! पहाटे दारात येऊन पुढचं सांगून जातो, तसला. मी तर ह्याला पिंगळाच म्हणणार."

नाव पडलं ते पडलंच.

पहिल्याच खेपेला पिंगळ्यानं सांगितलं की भर पावसाळ्यात एखादा नवा पूल पडेल, आणि राष्ट्राध्यक्ष त्याला पडला म्हणणार नाहीत. पूल पडणार हे सांगायला यंत्र कशाला हवं, ते कोणीही सांगेल. पण पिंगळ्यानं वाक्यही दिलं होतं. "पूल कोसळला नाही. तो नदीला भेटायला खाली उतरला आहे."

हर्षदनं ते साहेबांच्या तोंडी घातलं, पोरांनी दहा आठवडे रंगवलं. शनिवारी भाग लागला. पुढच्याच आठवड्यात बिहारमध्ये पूल पडला, आणि राष्ट्राध्यक्ष गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "याला कोसळणं म्हणू नका. पूल आणि नदी यांच्यातलं अंतर कमी झालेलं आहे."

देश वेडा झाला. 'साहेब झोपलेत' आधी बघायचं आणि मग बातम्या, असा लोकांनी क्रमच लावून घेतला. हर्षदचं नाव पेपरात आलं. पण त्या पुलाच्या वाक्याची गंमत हर्षदला घेताच आली नाही, कारण ते स्वयंपाकघरात पहिल्यांदा वाचलं तेव्हा केतकी हसली होती. नाकातून नाही. तोंड उघडून, दात दाखवून, खरीखुरी.

"हे कोणी लिहिलं?" तिनं विचारलं होतं.

"तुझ्या पिंगळ्यानं."

"अगंबाई!" असं म्हणून ती पुन्हा हसली. मग तिचं लक्ष हर्षदच्या तोंडाकडे गेलं आणि ती गप्प झाली. त्यानंतर पिंगळ्याचं काहीही वाचून दाखवलं की ती जपून, मोजून, नाकातूनच "हं" करायची. हर्षदला ते कळायचं. बायको हसू दाबतेय हे कळणं, ती हसण्यापेक्षा वाईट.

त्यानं तिला एकदा विचारलंच. "ते यंत्र आहे ना. त्याला विनोद कसा काय कळतो?"

"त्याला कुठं कळतो? समोरच्याला पुढचा शब्द कुठला वाटतोय हे ते ओळखतं, आणि बरोब्बर त्याच्या शेजारचा देतं. विनोद म्हणजे दुसरं काय असतं? ऐकणाऱ्याचा अंदाज चुकवायचा, पण फार लांब न्यायचं नाही."

अर्ध्या आयुष्याचं आपलं कसब बायकोनं चहा गाळता गाळता दोन वाक्यांत उरकलं, याचा हर्षदला राग आला. तिचं बरोबर होतं, याचा जास्त आला. तो जळत होता. चांगला पन्नाशीकडे झुकलेला माणूस एका डब्यावर जळत होता, आणि हे त्याला कोणाला सांगताही येत नव्हतं.

त्या दिवाळीच्या सुमारास केतकीनं त्याला एक आलेख दाखवला. राष्ट्राध्यक्षांच्या प्रत्येक निर्णयानंतर लोक किती चिडले, ते तिनं मोजलं होतं. पेपरातली पत्रं, मोर्चे, जाहीर चर्चा, सगळं. जे निर्णय 'साहेब झोपलेत'मध्ये आधी येऊन गेले होते, तिथं रागाची रेघ जमिनीला टेकली होती.

"चिडायला धक्का बसावा लागतो," ती म्हणाली. "तुम्ही लोकांना ती गोष्ट आधीच दाखवता. ते पोटभर हसतात. मग ती खरोखरच झाली की त्यांना वाटतं, अरे, ही तर आपल्या ओळखीची. लस टोचलेल्या माणसाला ताप येत नाही, हर्षद. इथं लोकांना ताप यायला हवा होता."

"मग काय, मी लोकांना रडवू?"

"पुढचा रेशनचा भाग दाखवू नकोस, एवढंच म्हणते."

त्या भागात साहेबांचं भाषण शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय दुकानदार तांदूळ मोजत नाही, असं होतं. निकमबाईंच्या वकिलानं आधीच त्यावर लाल रेघा मारल्या होत्या, वाहिनीनं दोनदा फोन केला होता. हर्षदचं डोकं सटकलं. "वकील म्हणतो दाखवू नका, वाहिनी म्हणते दाखवू नका, आता तूही? मला कोणी दाखवू नको म्हटलं की मी दाखवतोच. माझ्याकडे धर्म म्हणून एवढाच आहे."

आणि त्यानं दाखवला. पौषात सरकारनं 'संवाद हजेरी' योजना आणली. रेशन दुकानाबाहेर पडदा लागला, भाषण संपलं की मग धान्य. त्यांच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक कुंभार सर पिशवी घेऊन रांगेत उभे होते. हर्षद तिथून जाताना त्यांनी हाक मारली.

"काय हर्षद! तुमच्या साहेबांनी आमची तालीम आधीच करून घेतली की! 'तांदूळ कच्चा चालेल, श्रोता कच्चा नको!'" सगळी रांग हसली. ऐंशीच्या घरातला माणूस भाषण ऐकायला उन्हात उभा होता, आणि हसत होता.

त्या क्षणी हर्षदला केतकीचा आलेख आठवायला हवा होता. आठवलं ते एवढंच, की तांदळाचं ते वाक्य पिंगळ्याचं होतं. त्याच भागात हर्षदचे स्वतःचे चांगले विनोद होते. रांगेतल्या एकालाही त्यातला एक आठवत नव्हता.

पुढे थेट राष्ट्राध्यक्ष भवनातून एक उपसचिव आले. गोरेपान, मृदू बोलणारे. निकमबाईंना वाटलं, आता टाळं लागतंय. पण त्यांनी पेढे आणले होते.

"वरती सगळ्यांना फार आवडतं," उपसचिव म्हणाले. "चालू ठेवा. लोकशाहीत विनोद हवाच. विशेषतः ते पुलाचं वाक्य. काय लिहिता हो तुम्ही सासनेसाहेब!"

ज्याची खिल्ली उडवायची त्याच्याकडून पेढे यावेत, ही कुठल्याही विनोदी लेखकाची शोकसभाच. निकमबाई एवढंच म्हणाल्या, "पेढे गोड आहेत, पण मला काय बरं वाटंना." हर्षदनं पेढा खाल्लाच नाही. तो नैतिक कारणानं खाल्ला नाही असं सगळ्यांना वाटलं. खरं कारण ते पुलाचं वाक्य होतं.

आणि मग पिंगळ्यानं ते भाकीत दिलं.

निवडणूक सहा महिन्यांवर आली होती. पिंगळ्याचे हजारो निंबेकर या वेळी एकाच जागी गोळा झाले होते, एकही इकडेतिकडे नव्हता. राष्ट्राध्यक्ष निवडणूक पुढे ढकलणार होते, बेमुदत. आणि सोबत वाक्य होतं. ते हर्षदनं रविवारी सकाळी स्वयंपाकघरात, भाकीत कशाचं आहे ते सांगून, नेहमीसारखं सपाट आवाजात वाचून दाखवलं.

"निवडणूक जागची हललेली नाही, बाबांनो. आपणच तिच्याकडे जरा सावकाश चाललोय."

केतकी क्षणभर गॅसकडे बघत राहिली. मग हसायला लागली. आधी खांदे हलले. मग तिनं ओटा धरला. मग "सावकाश... बाई गं... सावकाश!" म्हणत ती खुर्चीत बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि गॅसवरचं दूध उतू गेलं तरी तिला उठवेना. हर्षद तसाच कागद धरून उभा. या बाईनं लग्नात हसू आवरलं होतं. त्याच्या पहिल्या पुरस्काराच्या नाटुकल्याला तिनं "हं" दिलं होतं, आणि त्या "हं"वर तो महिनाभर तरंगत होता. आणि आज ही एका डब्याच्या वाक्यावर लोळायची बाकी होती.

त्यानं जाऊन गॅस बंद केला. ओटा पुसला. त्याला रडू येत होतं, आणि ओटा पुसायला मिळाला म्हणून बरं वाटलं.

"चांगलं आहे," तो म्हणाला.

"चांगलं?" पदरानं डोळे टिपत केतकी म्हणाली. "अरे, असं वाक्य दहा वर्षांत एकदा होतं. तुला जमलं नसतं हे."

झालं. त्याच दुपारी हर्षदनं तो कागद फाडला. घरातला नियम त्यानं पहिल्यांदा मोडला. सगळ्यात मोठं हसू मिळालेला विनोद त्यानं कचऱ्यात टाकला, आणि त्याजागी स्वतःच्या हातानं एक भाग लिहिला. साहेबांच्या मांजराचं लग्न. निवडणूक नाही, राजकारण नाही, पिंगळ्याचा शब्द नाही. सगळं स्वतःचं. तो केतकीला वाचून दाखवलासुद्धा नाही.

स्टुडिओत वाचन झालं तेव्हा साहेबांचा आवाज देणारा नट दोनदा खोकला. कोणीच हसलं नाही.

"सासने," निकमबाई म्हणाल्या, "मांजराला काय हळदीबिळदी लावतोयस? पिंगळा काय बोलला ह्या खेपेला?"

"काही खास नाही. मी घेतलं नाही."

"मला तर हे बेचव लागतंय बघ. पण तू म्हणतोस तर करू."

दहा आठवडे पोरांनी मांजर रंगवलं. शनिवारी भाग लागला आणि सपशेल पडला. लोकांनी लिहिलं, साहेब खरंच झोपले. मालिका सुरू झाल्यापासून इतके कमी लोक कधी बसले नव्हते. वाहिनीनं विचारलं, लेखक बदलायचा का. आता निकमबाई पिंगळ्याचा कागद बघायला मागणार आणि आपलं बिंग फुटणार, या भीतीनं हर्षदला जेवण जाईना.

त्यानंतरच्या गुरुवारी राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर आले.

चित्रकार, निकमबाई, नट, सगळे पडद्यासमोर उभे होते. निंबेकर पाणी प्यायले, हसले आणि म्हणाले, "निवडणूक कुठंही गेलेली नाही. ती जिथं आहे तिथंच आहे. देश तिच्याकडे थोडा सावकाश जाणार आहे, इतकंच."

आणि हसायला कोणी नव्हतं. कोणाच्याही डोक्यात आधीचा हशा तयार नव्हता. वाक्य देशावर कोरंकरकरीत येऊन आदळलं. स्टुडिओतला सगळ्यात अबोल चित्रकार एकदम म्हणाला, "म्हणजे मत नाही? आम्ही मत द्यायचं नाही?" त्याचा चेहरा लाल झाला होता. हर्षदनं त्या पोराला कित्येक वर्षांत चिडलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोल्हापूरचा बिंदू चौक माणसांनी भरला. कुंभार सर पुढच्या रांगेत होते, हसत नव्हते. राष्ट्राध्यक्षांचंच वाक्य लोकांनी उलटं पकडलं. लोक सावकाश चालत निघाले. कलेक्टर कचेरीपर्यंतचं अर्ध्या तासाचं अंतर त्यांनी दिवसभर चालत कापलं. पोलिसांनी काय म्हणून अडवावं? कोणी घोषणा देत नव्हतं, दगड उचलत नव्हतं, नुसते चालत होते. नागपूर, पाटणा, मदुराई, सगळीकडे तसंच झालं. सगळा देश पाऊल मोजत रस्त्यावर उतरला, आणि गावोगावची कामं ठप्प झाली. दोन आठवड्यांत राष्ट्राध्यक्षांनी निर्णय मागे घेतला. "निवडणूक ठरल्या तारखेला," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यापुढं काही बोलले नाहीत.

मग निकमबाईंनी पिंगळ्याची जुनी उत्तरं उघडून बघितली. दुसरी कोणी असती तर हर्षदला फैलावर घेतलं असतं. निकमबाईंनी पत्रकार बोलावले. "हे वाक्य आमच्याकडे आधीच आलं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या सासन्यानं ते वापरलंच न्हाई! मालिका पडली तरी चालेल म्हटला, पण लोकांचा राग मी हसण्यावारी नेणार न्हाई! मी सांगतो, असा लेखक व्हायचा नाही पुन्हा!"

हर्षदनं असं काही म्हटलेलं नव्हतं. पण निकमबाई म्हणाल्या, पेपरांनी छापलं, आणि केतकीचा आलेखही कोणीतरी शोधून पहिल्या पानावर टाकला. आता सगळ्यांना कळलं की हशाची लस म्हणजे काय असते, आणि ती कोणी रोखली.

सत्कार मोठ्या नाट्यगृहात झाला. शाल, श्रीफळ, फेटा. हर्षद बोलायला उभा राहिला आणि त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फारच छान बोलला. कलावंतानं कुठं थांबायचं. हशा ही जबाबदारी आहे. कधी कधी न सांगितलेला विनोद हाच खरा विनोद. टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेत बसलेल्या केतकीनं नाकातून "हं" केलं. ते त्याला व्यासपीठावरून दिसलं, आणि फेट्याखाली घाम फुटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मटार सोलत बसली होती. तो समोर येऊन बसला, दोन-चार शेंगा हातात घेतल्या, आणि म्हणाला, "मी खोटं बोललो काल."

"कशाबद्दल?"

"लोकांचा राग वगैरे माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. तुझा आलेख मी विसरून गेलो होतो. मी तो कागद फाडला, कारण तू हसलीस. तशी तू माझ्या विनोदाला कधी हसली नाहीस. मी जळलो, केतकी. देशबिश काही नाही. नुसता जळलो."

त्याला वाटलं, ती आता चिडेल, निदान उठून जाईल. ती मटार सोलतच राहिली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू जळणार हे. म्हणून तर हसले."

हर्षदच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मग काय करणार होते मी?" ती म्हणाली. "दाखवू नकोस म्हटलं असतं, तर तू दाखवलं असतंस. रेशनच्या वेळी बघितलं ना. वकिलाकडून सांगवलं असतं, तर दोनदा दाखवलं असतंस. वाक्य ऐकलं आणि मला तो आलेखच दिसला. हे लोक हसून मोकळे झाले, तर निवडणूक गेलीच. मग आठवलं, पुलाच्या वेळी मी हसले तेव्हा तुझं तोंड कसं झालं होतं. म्हटलं, चला. हसू या."

"तू पिंगळ्याला विचारलंस? मी काय करीन ते?"

"तुझ्यासाठी यंत्र?" केतकीनं पहिल्यांदाच वर बघितलं. "तुला ओळखायला मला पिंगळा लागतो?"

हर्षदनं शेवटी हातातली शेंग सोलली. खरं तर त्याला हलकं वाटायला हवं होतं. ज्या हसण्यावर तो इतके दिवस जळत होता ते हसणं नव्हतंच, सोंग होतं. बायकोनं देशासाठी सोंग केलं, आणि त्याच्या हेव्यानं ते सोंग तडीस नेलं. दोघांत मिळून एक चांगलं काम झालं होतं. तो हसलासुद्धा थोडासा. मग त्याला राहवलं नाही.

"म्हणजे ते सगळं खोटं होतं? ते ओटा धरणं, ते डोळ्यांत पाणी?"

केतकीनं हातातली शेंग सोलून संपवली. ती खोटं बोलू शकली असती. पण त्या घरात विनोदाच्या बाबतीत कोणी कधी खोटं बोललं नव्हतं.

"ओटा धरेपर्यंत खोटं होतं," ती म्हणाली. "खुर्चीत बसले ना, त्याच्यानंतर खरंच आलं. मग मला थांबवता येईना."

हर्षदनं मान हलवली. बाहेर गल्लीत रिक्षाचा कर्णा कोणत्या तारखेला मतदान आहे ते ओरडून सांगत होता, आणि कुंभार सरांच्या दारातून कोणीतरी त्याला ओ देत होतं. त्यानं ते सगळं ऐकलं. आणि तरी त्याच्या डोक्यात ती खुर्चीच होती, आणि खुर्चीत बसल्यानंतरचं ते हसू, जे सोंग नव्हतं, आणि त्याचंही नव्हतं.

"सावकाश," तो हळूच म्हणाला. नुसतं म्हणून बघितलं.

आणि केतकीनं पटकन तोंड दुसरीकडे वळवलं, कारण तिला पुन्हा हसू येत होतं.